वासा (युद्धनौका)

हा लेख सतराव्या शतकातील स्वीडिश युद्धनौकेविषयी आहे. घराच्या छपरातील लाकडी वाशाविषयीच्या माहितीसाठी ‘वासा (स्थापत्य)’ हा लेख पाहा.

वासा ही स्वीडनच्या आरमारासाठी १६२६ ते १६२८ या काळात स्टॉकहोम येथे बांधलेली शिडाची लाकडी युद्धनौका होती. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासास निघाली असता सुमारे १,३०० मीटर अंतर कापून ती स्टॉकहोमच्या बंदरातच उलटली आणि बुडाली. या दुर्घटनेत सुमारे तीस जणांना प्राण गमवावे लागले. तीनशे तेहतीस वर्षे समुद्रतळाशी राहिल्यानंतर २४ एप्रिल १९६१ रोजी ती जवळजवळ अखंड स्थितीत पाण्याबाहेर काढण्यात आली. १९९० पासून ती स्टॉकहोममधील वासा संग्रहालयात जतन केलेली आहे. सतराव्या शतकातील इतके मोठे व इतके संपूर्ण जहाज जगात अन्यत्र उपलब्ध नाही. युद्धनौका म्हणून पूर्णतः निरुपयोगी ठरलेले हे जहाज आज त्या काळातील नौकाबांधणी, आरमारी जीवन व काष्ठशिल्प यांच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन मानले जाते.

थोडक्यात माहिती
प्रकार: शिडाची युद्धनौका, दोन तोफमजले
बांधणीचे ठिकाण: राजकीय नौकाबांधणी आवार, स्टॉकहोम
बांधणीचा काळ: १६२६–१६२८
बुडाल्याचा दिनांक: १० ऑगस्ट १६२८ (जुन्या ज्युलियन कालगणनेनुसार)
एकूण लांबी: ६९ मीटर (पुढील तिरप्या काठीसह)
कमाल रुंदी: ११.७ मीटर
पाण्याखालील खोली: ४.८ मीटर
उंची: ५२.५ मीटर (कण्यापासून मुख्य डोलकाठीच्या टोकापर्यंत)
विस्थापन: सुमारे १,२१० टन
शिडे: १०, एकूण क्षेत्रफळ १,२७५ चौरस मीटर
तोफा: ६४
सद्यस्थिती: वासा संग्रहालय, स्टॉकहोम

नाव

त्या काळी स्वीडनवर वासा राजघराण्याची सत्ता होती व त्याच घराण्याचे नाव या जहाजास देण्यात आले. घराण्याच्या राजचिन्हात पेंढीची आकृती होती. जहाजाच्या मागील बाजूवरील कोरीव कामातही हे राजचिन्ह आढळते. मराठीतील ‘वासा’ या शब्दाशी या नावाचे केवळ उच्चारसाम्य असून दोहोंचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही.

पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या आरंभी स्वीडन हे विरळ लोकवस्तीचे, परंतु महत्त्वाकांक्षी राज्य होते. राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ १६११ मध्ये गादीवर आला. बाल्टिक समुद्रावर वर्चस्व मिळवणे हे त्याच्या राजनीतीचे एक प्रमुख सूत्र होते. पोलंडचा राजा सिगिस्मंड हा त्याचा चुलत भाऊ होता. तो स्वतः पूर्वी स्वीडनचा राजा होता व पदच्युत झाल्यानंतरही स्वीडनच्या गादीवरील आपला हक्क त्याने सोडला नव्हता. त्यामुळे पोलंडबरोबरचे युद्ध हे राजघराण्यातील तंट्याचेही युद्ध होते. सैन्य, दाणागोटा व दारूगोळा समुद्रमार्गे न्यावा लागत असल्याने सारी मोहीम आरमारावर अवलंबून होती.

१६२५ मध्ये रीगाच्या आखातात वादळात सापडून स्वीडनची दहा जहाजे नष्ट झाली. या हानीमुळे नव्या जहाजांची निकड वाढली आणि राजाने बांधणीची घाई सुरू केली.

बांधणी

जानेवारी १६२५ मध्ये नौकाबांधणीतज्ज्ञ हेन्रिक हीबर्टसन व त्याचा व्यापारी भागीदार आरेंट दे ग्रोटे यांच्याशी राजाने करार केला. त्यानुसार दोन मोठी व दोन लहान अशी चार जहाजे बांधावयाची होती. वासा हे त्यांतील मोठ्या जहाजांपैकी पहिले होय. हीबर्टसन मूळचा नेदरलँड्सचा होता. तेथील कारागिरांच्या पद्धतीत आजच्याप्रमाणे तपशीलवार आराखडे काढले जात नसत. ठरावीक मापे, प्रमाणांचे परंपरागत नियम व मुख्य कारागिराची नजर यांच्या आधारे जहाज आकारास येई. जहाज पाण्यावर किती स्थिर राहील याचे आगाऊ गणित करण्याची रीत त्या काळी अस्तित्वात नव्हती.

बांधणीसाठी एक हजाराहून अधिक ओक वृक्ष तोडण्यात आले. नौकाबांधणी आवारात सुमारे चारशे माणसे कामास होती व त्यांत स्वीडिश, फिनिश, डच, जर्मन व डॅनिश अशा विविध भाषा बोलणाऱ्या कारागिरांचा समावेश होता. बांधणी चालू असतानाच हीबर्टसन आजारी पडला. १६२६ मध्ये कामाची देखरेख त्याचा सहकारी हाइन याकोबसन याच्याकडे आली आणि १६२७ च्या वसंतात हीबर्टसनचा मृत्यू झाला. त्याची विधवा मार्गारेता निल्सडॉटर हिने कराराची जबाबदारी स्वीकारून काम पुढे चालवले. अशा रीतीने जहाजाची मूळ कल्पना ज्याच्या डोक्यात होती तो माणूस जहाज पुरे होण्यापूर्वीच निघून गेला होता.

राजा या काळात प्रशियामध्ये रणांगणावर होता. तेथून पत्रे पाठवून तो कामाची चौकशी करी व मापांविषयी आणि तोफांविषयी सूचना देई. १६२८ च्या उन्हाळ्यात जहाज ठरल्या मुदतीत सज्ज न झाल्यास संबंधितांवर राजाची अवकृपा होईल, असा इशाराही देण्यात आला होता.

रचना व शस्त्रसज्जता

वासाला एकावर एक असे दोन बंदिस्त तोफमजले होते. दोन तोफमजल्यांची जहाजे त्या काळी स्वीडनच्या कारागिरांना फारशी परिचित नव्हती. जहाजावर एकूण ६४ तोफा होत्या व त्यांपैकी ४८ तोफा चोवीस पौंडी गोळे फेकणाऱ्या होत्या. अशा प्रत्येक तोफेचे वजन सुमारे १,२०० किलोग्रॅम होते. त्या काळच्या प्रघातानुसार वरच्या मजल्यावर खालच्यापेक्षा हलक्या तोफा ठेवीत. वासावर मात्र दोन्ही मजल्यांवर एकाच वजनाच्या तोफा बसवण्यात आल्या. एकाच वेळी इतके वजनदार गोळे फेकू शकणारी जहाजे तेव्हाच्या युरोपात मोजकीच होती.

जहाजाच्या तळाशी तोल राखण्यासाठी सुमारे १२० टन दगडांचे नीरम भरले होते. तीन डोलकाठ्या व दहा शिडे अशी तिची मांडणी होती. पूर्ण सज्ज असताना जहाजावर १४५ खलाशी व ३०० सैनिक राहतील अशी योजना होती.

शिल्पे व रंग

वासावर लहानमोठी सुमारे सातशे काष्ठशिल्पे होती. मॉर्टेन रेट्मेर हा या कामावरील प्रमुख शिल्पकार होता. जहाजाच्या पुढच्या टोकाशी झेपावणारा सिंह, नाळेच्या दोन्ही अंगांस तिबेरियसपासून सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंतचे वीस रोमन सम्राट आणि मागील उंच बाजूवर राजचिन्हे, योद्धे, जलपऱ्या व बायबलमधील व्यक्ती अशी त्यांची रचना आहे. सम्राटांच्या रांगेत पहिला सम्राट ऑगस्टस नाही. त्याचे स्थान स्वतः गुस्ताव आडोल्फचे आहे असे यातून सुचवावयाचे होते, असा अर्थ लावला जातो.

शिल्पांचा हेतू निव्वळ शोभेचा नव्हता. राजाचा पराक्रम, त्याचा गादीवरील हक्क व शत्रूची अवहेलना हे सारे निरक्षर माणसालाही कळेल अशा रीतीने त्यांत मांडलेले होते. नाळेच्या तुळईखाली बाकाखाली दडून बसलेला एक पोलिश सरदार कोरला असून त्याच्या जवळच खलाशांच्या शौचाची जागा होती.

जहाज वर काढले तेव्हा लाकूड काळे पडलेले होते आणि शिल्पे मूळची निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी असावीत असा प्रारंभीचा तर्क होता. पुढे रंगाच्या सूक्ष्म अवशेषांच्या तपासणीतून पार्श्वभूमी लाल होती व शिल्पे अनेक भडक रंगांत रंगवलेली होती, हे स्पष्ट झाले.

स्थैर्याची चाचणी

१६२८ च्या उन्हाळ्यात जहाज धक्क्याला उभे असताना आरमारप्रमुखांपैकी एक असलेल्या क्लास फ्लेमिंग याच्या उपस्थितीत त्याच्या स्थैर्याची चाचणी घेण्यात आली. तीस माणसांना वरच्या मजल्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावावयास सांगितले. तिसऱ्या फेरीपर्यंत जहाज इतके डोलू लागले की ते उलटण्याच्या भीतीने चाचणी थांबवण्यात आली. ही हकीकत जहाजावरील सारंग यॉरान मात्सन याने पुढे चौकशीत सांगितली. जहाज वरून जड आहे हे त्याने त्याच वेळी बोलून दाखवले होते, असेही त्याच्या जबानीत आहे.

या चाचणीनंतर जहाजात कोणताही बदल करण्यात आला नाही. आणखी नीरम भरण्यास जागा अपुरी होती. शिवाय वजन वाढल्यास खालच्या तोफखिडक्या पाण्याच्या आणखी जवळ गेल्या असत्या. राजा परदेशी होता, मुदत संपत आली होती आणि जहाज रोखून धरण्याचा निर्णय कोणीही घेतला नाही.

पहिला व अखेरचा प्रवास

१० ऑगस्ट १६२८ हा रविवार होता. हवा शांत असून नैर्ऋत्येकडून मंद वारा वाहत होता. जहाज स्टॉकहोमजवळच्या द्वीपसमूहातील एल्व्हस्नाब्बेन या आरमारी तळावर जाणार होते व सैनिक तेथे चढणार होते. जहाजावर सुमारे दीडशे माणसे होती. प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात खलाशांच्या कुटुंबीयांनाही सोबत येण्याची मुभा असल्याने त्यांत स्त्रिया व मुलेही होती. निरोप देण्यासाठी बंदराच्या काठावर शहरवासीयांची मोठी गर्दी जमली होती.

प्रारंभी नांगरांच्या दोरांच्या साहाय्याने जहाज किनाऱ्यालगत ओढत नेण्यात आले. मोकळ्या पाण्यात आल्यावर कप्तान सॉफ्रिंग हान्सन याने दहापैकी चार शिडे उभारण्याची आज्ञा दिली. सलामीच्या तोफा डागण्यात आल्या आणि तोफखिडक्या उघड्याच राहिल्या. दक्षिणेकडील कड्यांच्या आडोशातून जहाज बाहेर पडताच वाऱ्याचा एक झोत आला. जहाज डावीकडे कलले, पण सावकाश पूर्ववत झाले. बेकहोल्मेन बेटाजवळ दुसरा, अधिक जोराचा झोत आला. या वेळी जहाज इतके कलले की खालच्या मजल्यावरील उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरू लागले. कप्तानाने शिडांचे दोर सोडण्याची व तोफा आत ओढण्याची आज्ञा दिली, परंतु वेळ निघून गेली होती. आत शिरलेल्या पाण्याने कल आणखी वाढला आणि थोड्याच अवधीत जहाज काठापासून सुमारे १२० मीटरवर, ३२ मीटर खोल पाण्यात बुडाले. डोलकाठ्यांची टोके तेवढी पाण्याबाहेर दिसत होती.

आसपासच्या होड्यांनी बहुतेकांना वाचवले. मृतांचा आकडा सुमारे तीस मानला जातो.

चौकशी

कप्तान हान्सन याला लगेच अटक करून त्याची उलटतपासणी घेण्यात आली. खलाशी दारू प्यायलेले नव्हते आणि तोफा योग्य रीतीने बांधलेल्या होत्या, असे त्याने शपथेवर सांगितले. राजाला ही बातमी सुमारे दोन आठवड्यांनी कळली. निष्काळजीपणा हेच कारण असले पाहिजे व दोषींना शिक्षा झाली पाहिजे, असे त्याने परिषदेस कळवले.

सप्टेंबरच्या प्रारंभी राजवाड्यात राज्यपरिषद व नौदलाच्या सदस्यांपुढे औपचारिक चौकशी झाली. जहाज चालवणाऱ्यांनी ते बांधणाऱ्यांकडे बोट दाखवले व बांधणाऱ्यांनी चालवणाऱ्यांकडे. राजाने मंजूर केलेल्या मापांप्रमाणेच जहाज बांधले, किंबहुना मूळ योजनेपेक्षा ते थोडे रुंदच केले, असे हाइन याकोबसन याने सांगितले. मग जहाज उलटले कसे, या प्रश्नावर दे ग्रोटे याने ते देवालाच ठाऊक, अशा अर्थाचे उत्तर दिले. मापांना स्वतः राजाची संमती होती, मुख्य कारागीर मरण पावला होता आणि चाचणीच्या वेळी नौदलाचा वरिष्ठ अधिकारी हजर होता. अखेर कोणालाही दोषी ठरवण्यात आले नाही व कोणालाही शिक्षा झाली नाही.

बुडण्याची कारणे

जहाज वर काढल्यानंतर त्याची प्रत्यक्ष मोजमापे घेता आली आणि कारणांचा उलगडा अधिक नेमकेपणाने झाला.

मुख्य दोष पाण्यावरील व पाण्याखालील भागांच्या प्रमाणात होता. तोफमजले व वरचे बांधकाम अतिशय भक्कम आणि जड लाकडाचे होते, तर पाण्याखालचा भाग त्या मानाने लहान व अरुंद होता. त्यामुळे जहाजाचा गुरुत्वमध्य फार वर राहिला. तोफांचे वजन हेच एकमेव कारण होते, हा समज अपुरा आहे. तोफांपेक्षा तोफमजल्यांच्या बांधकामाचे वजन अधिक होते.

दुसरे कारण खालच्या तोफखिडक्यांचे. त्या पाण्याच्या पातळीपासून फार उंच नव्हत्या व जहाज चालत असताना उघड्या होत्या. त्या बंद असत्या तर पाणी आत शिरण्यास अधिक मोठा कल लागला असता. तरीही अशा अस्थिर जहाजाचा समुद्रावर निभाव लागला नसता, असे अभ्यासक मानतात.

जहाजाच्या दोन बाजू परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत, हेही मोजणीत आढळले. जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यांपैकी दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या व दोन अकरा इंची अ‍ॅम्स्टरडॅम फुटाच्या होत्या. एकाच जहाजावर काम करणारे कारागीर वेगवेगळ्या मापांनी काम करीत होते, असे यावरून दिसते.

वासानंतर बांधलेले ‘एपलेट’ हे तिच्याच मालिकेतील मोठे जहाज होते. ते वासापेक्षा सुमारे एक मीटर अधिक रुंद करण्यात आले. १६२९ मध्ये पाण्यात उतरवलेल्या या जहाजाने तीस वर्षे सेवा बजावली व १६५९ मध्ये वाक्सहोल्मजवळ ते मुद्दाम बुडवण्यात आले. त्याचे अवशेष डिसेंबर २०२१ मध्ये सापडले आणि २०२२ मध्ये त्याची ओळख निश्चित झाली. वासाच्या बांधणीतील चूक कारागिरांच्या ध्यानात आली होती, याचा हा पुरावा मानला जातो.

तोफांची सुटका

जहाज बुडाल्यानंतर काही दिवसांतच इयन बल्मर या इंग्रजाने ते वर काढण्याचा प्रयत्न केला. त्याने कललेले जहाज तळावर सरळ उभे केले, परंतु त्यापुढे त्याला यश आले नाही.

१६६४–६५ मध्ये आल्ब्रेख्ट फॉन ट्रायलेबेन व आंद्रेआस पेकेल यांनी पाणबुड्यांच्या साहाय्याने पन्नासहून अधिक तोफा वर काढल्या. पाणबुड्या शिशाच्या घंटेच्या आकाराच्या भांड्यात उभा राही व भांड्याच्या वरच्या भागात अडकलेल्या हवेवर श्वास घेई. थंडगार, अंधाऱ्या पाण्यात, आकड्या व दोरांच्या बळावर एक टनाहून जड तोफा अरुंद खिडक्यांतून बाहेर काढणे हे त्या काळातील असामान्य काम होते. बहुमोल ब्राँझच्या तोफा निघाल्यावर उरलेल्या लाकडात कोणास रस राहिला नाही व कालांतराने जहाजाची जागाही विस्मृतीत गेली.

शोध

आंदेश फ्रान्सेन हा अभियंता व हौशी संशोधक होता. लाकूड पोखरणारा टेरेडो हा जीव बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात टिकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. अन्य समुद्रांत या जीवामुळे बुडालेल्या लाकडी जहाजांचा काही दशकांतच भुगा होतो. बाल्टिकमध्ये मात्र जुनी जहाजे शाबूत असली पाहिजेत, असा तर्क करून त्याने जुनी कागदपत्रे अभ्यासली आणि बंदराचा तळ वर्षानुवर्षे गळ व तारांनी चाचपला. २५ ऑगस्ट १९५६ रोजी त्याच्या नमुना घेण्याच्या पोकळ उपकरणात काळ्या ओक लाकडाचा तुकडा अडकून आला. त्यानंतर पाण्यात उतरलेला नौदलाचा मुख्य पाणबुड्या पेर एदविन फेल्टिंग याला गढूळ अंधारात तोफखिडक्यांच्या दोन ओळी हाताला लागल्या. दोन तोफमजल्यांच्या या खुणेवरून जहाजाची ओळख पटली.

जहाज वर काढणे

जहाज कसे काढावे याविषयी अनेक सूचना आल्या. अखेर जुनी, परिचित पद्धत निवडण्यात आली. जहाजाखालून पोलादी दोर ओवून ते पाण्यावर तरंगणाऱ्या दोन मोठ्या तराफ्यांना बांधावयाचे, तराफ्यांत पाणी भरून दोर ताणावयाचे व नंतर पाणी उपसून तराफे वर येऊ द्यावयाचे, असा तो बेत होता. नेप्टून या कंपनीने हे काम विनामूल्य करण्याचे मान्य केले.

दोर ओवण्यासाठी नौदलाच्या पाणबुड्यांनी जहाजाच्या तळाखालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सहा बोगदे खणले. हे काम दोन वर्षे चालले. डोक्यावर शेकडो टनांचे, केव्हाही खचू शकेल असे जुने जहाज, भोवती चिखल व संपूर्ण अंधार अशा स्थितीत पाणबुड्यांनी १,३०० हून अधिक बुड्या घेतल्या. या काळात एकही गंभीर अपघात झाला नाही.

ऑगस्ट १९५९ मध्ये जहाज प्रथम तळापासून सुटले. अठरा टप्प्यांत ते ३२ मीटर खोलीवरून १६ मीटर खोलीच्या पाण्यात आणण्यात आले. त्यानंतर दीड वर्ष पाणबुड्यांनी गंजून गेलेल्या लोखंडी खिळ्यांची हजारो भोके बुजवली व तोफखिडक्यांना तात्पुरती झाकणे बसवली. २४ एप्रिल १९६१ रोजी जहाजाचा वरचा भाग पाण्याबाहेर आला. ४ मे रोजी आतील पाणी उपसलेले वासा स्वतः तरंगत बेकहोल्मेन येथील सुक्या गोदीत शिरले. ज्या बेटासमोर ते बुडाले होते, तेच हे बेट होय.

जहाजावरील वस्तू व माणसे

जहाजाच्या आत साठलेला चिखल पुरातत्त्वज्ञांनी थराथराने उपसला. त्यात हजारो वस्तू मिळाल्या: कपडे, चामडी जोडे, लाकडी थाळ्या व चमचे, सुतारांची हत्यारे, लोण्याचे बुधले, सोंगट्यांचा खेळ, चार हजारांहून अधिक तांब्याची नाणी आणि त्या दिवशी उभारली न गेलेली, घडी घातलेली सहा शिडे. खलाशांच्या लाकडी पेट्यांतील सामान मालकाने भरले तसेच होते. राजेरजवाड्यांच्या वस्तू इतिहासात टिकून राहतात. सामान्य खलाशाचा संपूर्ण संसार असा एकत्र मिळणे दुर्मीळ असते.

किमान पंधरा व्यक्तींचे अस्थी-अवशेषही मिळाले. १९६३ मध्ये ते दफन करण्यात आले होते. १९८९ मध्ये अधिक अभ्यासासाठी ते पुन्हा बाहेर काढण्यात आले. त्यांची खरी नावे ज्ञात नसल्याने संशोधकांनी त्यांना इंग्रजी वर्णमालेतील एकेक अक्षर दिले. ‘जी’ या अक्षराने ओळखली जाणारी व्यक्ती दीर्घकाळ पुरुष समजली जात होती. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून ती स्त्री असल्याचे सिद्ध झाले.

संवर्धन

शतकानुशतके पाणी शोषलेले लाकूड उघड्यावर वाळू दिले तर ते आकसते, चिरते व वेडेवाकडे होते. हे टाळण्यासाठी लाकडातील पाण्याची जागा पॉलिएथिलिन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाने भरून काढण्याचे ठरले. एवढ्या मोठ्या वस्तूवर हा प्रयोग त्यापूर्वी झालेला नव्हता. १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षे जहाजावर या द्रावणाचा फवारा चालू होता. त्यानंतर ते सुमारे नऊ वर्षे सावकाश वाळवण्यात आले.

२००० च्या दमट उन्हाळ्यानंतर लाकडाच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी क्षारांचे पांढरे-पिवळे डाग दिसू लागले. स्टॉकहोमच्या बंदरात पूर्वी सांडपाणी सोडले जाई. त्या प्राणवायुहीन पाण्यातील जिवाणूंमुळे गंधकाची संयुगे लाकडात मुरली होती. हवेचा संपर्क आल्यावर त्यांपासून गंधकाम्ल तयार होऊ लागले व गंजलेल्या खिळ्यांतील लोहामुळे ही प्रक्रिया वेगावली. ज्या दूषित पाण्याने जिवाणू व किडींपासून जहाजाचे रक्षण केले, त्याच पाण्याचा हा उत्तरपरिणाम होता. यावर उपाय म्हणून दालनातील वातानुकूलन यंत्रणा बदलून तापमान व आर्द्रता अतिशय स्थिर राखण्यात आली. २०११ पासून जहाज वर काढल्यानंतर बसवलेले पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट काढून त्या जागी विशेष पोलादाचे बोल्ट घालण्यात आले.

लाकूड मूळच्या मानाने दुर्बल झालेले असून जहाज स्वतःच्या भाराने मिलिमीटरच्या हिशेबाने खचत आहे. या हालचालींची नियमित मोजणी केली जाते. जहाजासाठी नवी आधारचौकट उभारण्याचे काम संग्रहालयाने हाती घेतले आहे.

वासा संग्रहालय

१९६० च्या दशकात जहाज ‘वासावार्वेट’ या तात्पुरत्या वास्तूत ठेवले होते. तेथे फवाऱ्याच्या धुक्यातून प्रेक्षक ते पाहत असत. पुढे युरगोर्डेन बेटावरील जुन्या आरमारी आवारातील सुक्या गोदीभोवती कायमची इमारत उभारण्यात आली. मारियान दाल्बेक व गोरान मोन्सन हे तिचे वास्तुविशारद होत. डिसेंबर १९८८ मध्ये जहाज पाण्यावरून तेथे नेण्यात आले व १५ जून १९९० रोजी संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन झाले. इमारतीच्या छपरावरील डोलकाठ्या जहाजाची मूळ उंची दर्शवतात.

दालनात प्रकाश मंद असतो व जहाज निरनिराळ्या मजल्यांवरून पाहता येते. जतनाच्या कारणास्तव प्रेक्षकांना प्रत्यक्ष जहाजावर प्रवेश नाही. दिसणारे जहाज ९५ टक्क्यांहून अधिक मूळ लाकडाचे आहे. दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक भेट देत असल्याने उत्तर युरोपातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या संग्रहालयांत त्याची गणना होते. प्रेक्षकांच्या श्वासातील व ओल्या कपड्यांतील बाष्प दालनाची आर्द्रता वाढवते. त्यामुळे जहाज लोकांना दाखवणे आणि ते टिकवणे यांत सतत समतोल साधावा लागतो.

महत्त्व

युद्धनौकांची बहुतेक माहिती आराखडे, चित्रे व लेखी नोंदी यांतून मिळते. वासामुळे ती प्रत्यक्ष वस्तूवर पडताळून पाहता आली. पाण्यातून निघालेल्या लाकडाच्या संवर्धनाचे शास्त्रही बऱ्याच अंशी या जहाजावरील यशापयशांतून पुढे गेले. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या जहाजाच्या जतनातही हेच रसायन वापरण्यात आले.

व्यवस्थापनशास्त्रात वासाचे उदाहरण वारंवार दिले जाते. काम चालू असताना बदलणाऱ्या मागण्या, मुदतीचा दबाव, मुख्य तज्ज्ञाचा मृत्यू आणि चाचणीत धोका दिसूनही तो वरपर्यंत न पोहोचणे, या साऱ्यांचा एकत्रित परिणाम त्यात दिसतो. सारंगाला जे कळले होते ते अधिकाऱ्यालाही दिसले होते. निर्णयाचा अधिकार असलेला राजा मात्र दूर होता व त्याच्या आज्ञेविरुद्ध जहाज धक्क्यालाच ठेवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. त्याची किंमत जहाजावरील खलाशांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी मोजली.

हेही पाहा

मेरी रोझ
गुस्ताव दुसरा आडोल्फ
सागरी पुरातत्त्वशास्त्र
स्टॉकहोम
बाल्टिक समुद्र